ओढा साफ करून थकलात? आधी प्रवाहाच्या वर चालत जा

वाचकाचं पत्र, थोडक्यात : आमच्या वस्तीला लागून एक ओढा वाहतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही वीसेक जण एकत्र आलो आणि दर रविवारी साधारण एक किलोमीटरचा पट्टा साफ करू लागलो. कचरा काढला, काठावरचं गवत-झुडूप कापून जागा मोकळी केली, ४०० रोपं लावली, जलपर्णी दोनदा उपसली. पण मोठा पाऊस झाला की कचरा पुन्हा तिथेच. रोपांपैकी ४० सुद्धा जगली नाहीत, जलपर्णी परत आली आणि आता काठही ढासळायला लागलाय. सहा-सात जणच येतात. ओळखीचे एक कंत्राटदार फुकट यंत्र द्यायला तयार आहेत : पात्र खोल आणि सरळ करायचं, दोन्ही काठांना दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, करायचं. मला लहानपणी पाहिलेला ओढा परत हवा होता. यंत्राला हो म्हणावं, की काम थांबवावं? आणि लोकांचा उत्साह टिकवायचा कसा?

उत्तर :

यंत्राचं आधी सांगायला हवं, कारण ते काम एकदा झालं की मागे घेणं फार कठीण. पात्र सरळ आणि खोल करू देऊ नका. वळणं घेत ओढा जेवढी उंची उतरतो, तेवढीच उंची सरळ केल्यावर तो कमी अंतरात उतरतो. उतार वाढतो, पाण्याचा वेग वाढतो आणि पाणी तळ खरवडू लागतं. तळाला पायरी पडते. ही पायरी प्रवाहाच्या उलट दिशेने, वरच्या अंगाला सरकत जाते आणि जिथे यंत्र गेलंच नव्हतं तिथले काठही कोसळतात. पिचिंग काही काळ काठ धरून ठेवतं. तळ खाली गेला की त्याचा पाया उघडा पडतो. पिचिंग जिथे संपतं तिथला काठ तर पहिल्याच मोठ्या पुरात खचतो. शिवाय डोह आणि खळाळ दोन्ही जातात. उन्हाळ्यात मासे तग धरतात ते डोहात, आणि पाण्यात हवा मिसळते ती दगडांवरून उड्या घेणाऱ्या खळाळात. सपाट, एकसारख्या पात्रात यातलं काहीच उरत नाही.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या किसिमी नदीचं असंच झालं. पूरनियंत्रणासाठी १९६२ ते १९७१ या काळात तिची सुमारे १६६ किलोमीटरची वळणदार वाट सुमारे ९० किलोमीटरच्या सरळ कालव्यात कोंबली. काठची पाणथळ जमीन आटली, पाणपक्षी गेले. मग तोच कालवा काही भागात बुजवून जुनी वळणं परत जोडायचं काम १९९९ मध्ये सुरू झालं आणि २०२१ मध्ये संपलं. सरळ करायला ९ वर्षं, उलटवायला २२, आणि तेही नदीच्या काही भागापुरतंच. तुमचा ओढा लहान आहे, पण पाण्याचे नियम तेच आहेत.

आता उत्साहाबद्दल. लोक टिकत नाहीत असं तुम्ही म्हणता, पण तुमच्या पत्रातून वेगळंच दिसतं. दर रविवारी एक किलोमीटर साफ करायचं आणि पुढच्या पावसात ते सगळं पुसलं गेलेलं पाहायचं, अशा कामात सहा-सात माणसं दोन वर्षांनंतरही येतात ही खरं तर मोठी गोष्ट आहे. बाकीचे आळशी होते म्हणून गेले नाहीत. केलेलं काम डोळ्यांना दिसत राहील अशी आखणीच नव्हती. तेव्हा एक किलोमीटर सोडा. दोन्ही काठ मिळून १०० मीटरचा पट्टा घ्या. आणि तो कुठे घ्यायचा हे ठरवण्याआधी पुढचे तीन-चार रविवार कचऱ्याला हात न लावता फक्त पाहणी करा.

पाहणी खालून वर, म्हणजे प्रवाहाच्या उलट दिशेने करायची. तसं चाललात की तुम्ही ढवळलेलं पाणी तुमच्या पुढे येत नाही आणि प्रत्येक नाला, प्रत्येक पाइप कुठे येऊन मिळतो ते स्वच्छ दिसतं. तुमचा किलोमीटर संपला तरी थांबू नका. जिथवर सुरक्षितपणे जाता येईल तिथवर जा. नकाशावर पाइप, कचरा टाकायच्या जागा, ढासळलेले काठ आणि बाहेरून आलेल्या आक्रमक वनस्पती यांच्या खुणा करा. तेवढ्याच काळजीने शाबूत राहिलेले तुकडेही टिपा : जिथे काठ झाडोऱ्याने धरलेला आहे, तळाशी दगड दिसतात, चतुर-टाचण्या उडताहेत. पुढचं सगळं काम या तुकड्यांवर उभं राहणार आहे. ठरावीक आठ-दहा जागांवरून, तीच उंची, तीच दिशा ठेवून फोटो काढा आणि दर तीन महिन्यांनी तेच फोटो पुन्हा काढा. फांद्यांना अडकलेल्या प्लास्टिकची उंचीही मोजून ठेवा. पूर कुठवर चढतो ते ती रेषा सांगते आणि रोपं कुठे लावायची हे ठरवताना तिचा उपयोग होतो.

एक फेरी सलग ३ दिवस कोरडे गेल्यानंतर करा. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या पाइपातून तेव्हाही पाणी येत असेल, तर ते सांडपाणी आहे किंवा कुठलीतरी गळती. करडा रंग, वास आणि पाइपाच्या तोंडाशी दगडांना चिकटलेले पांढरट-राखाडी बुळबुळीत तंतू या सांडपाण्याच्या खुणा. फेसावर एकदम विश्वास ठेवू नका. कुजलेल्या पाल्यामुळेही तपकिरी फेस येतो. पांढराशुभ्र, सुगंधी, लवकर न मोडणारा फेस मात्र साबणाचा. पाण्यावर तेलकट इंद्रधनुषी तवंग दिसला तर काडीने ढवळून बघा. तुकडे होऊन फुटला तर तो लोहजिवाणूंचा, निरुपद्रवी. पुन्हा एकत्र येऊन मिळाला तर खनिज तेलाचा, आणि मग वर कुठेतरी गाड्यांचं किंवा यंत्रांचं तेल ओतलं जातंय.

ज्या दिवशी कचरा काढाल, त्यातल्या एका दिवसाचा कचरा पसरून प्रकारानुसार मोजा. हे कंटाळवाणं काम आहे, पण कचरा येतो कुठून हे दुसऱ्या कशानेही इतकं नेमकं कळत नाही. बांधलेल्या पिशव्या पुलाखालीच जास्त सापडत असतील तर त्या पुलावरून टाकल्या जातात. तिथे जाळी आणि दिवा लागला की तुमचे कितीतरी रविवार वाचतील. वेष्टणं आणि पाऊच सगळीकडे सारखे विखुरलेले असतील तर ते गटारातून येतात आणि उपाय गटाराच्या तोंडाशीच करावा लागेल. शेजारच्या संथ, अरुंद जागी तरंगता अडसरही लावता येतो. तो प्रवाहाला काटकोनात लावायचा नाही. तिरका लावला तर कचरा आपोआप एका काठाकडे ढकलला जातो आणि तिथून उचलता येतो. त्याची झालर पाण्याखाली वीतभरच असावी, म्हणजे मासे आणि कासवं खालून जातात. तो नेमाने रिकामा करावा लागतो आणि मोठ्या पावसाआधी काढून घ्यावा लागतो. नाहीतर तुटून जातो किंवा कचऱ्याने भरून छोटा बांधच होऊन बसतो.

सांडपाण्याचा प्रश्न स्वयंसेवकांच्या हातांनी सुटणार नाही, आणि तो आपल्या अपयशात मोजूही नका. तुमचं काम पुरावा गोळा करायचं : जागा, तारीख, वेळ, शेवटचा पाऊस कधी पडला, फोटो, आणि जमल्यास पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचं माप. त्याचे सोपे रासायनिक संच मिळतात. २० अंश सेल्सिअसला स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना सुमारे साडेसात. ५ च्या खाली गेला की पुष्कळ माशांना त्रास होतो, २ च्या खाली फार थोडे जीव तगतात. माप पहाटे घ्या. रात्रभर वनस्पती ऑक्सिजन वापरतात, बनवत नाहीत, त्यामुळे खरी तंगी तेव्हाच दिसते. दुपारी हिरव्या शेवाळाने भरलेलं आजारी पाणीसुद्धा भरपूर ऑक्सिजन दाखवतं. नोंदींचा असा सहा महिन्यांचा तक्ता घेऊन गेलात तर स्थानिक प्रशासनाशी वेगळ्या पातळीवर बोलता येतं. कुणी जिवाणूंचं द्रावण ओतायला सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. घाण रोज नव्याने येत असताना वरून काही ओतून ओढा बरा होत नाही. डासांसाठी गप्पी किंवा गंबुशिया मासे सोडायलाही नाही म्हणा; ते मूळच्या माशांची अंडी आणि बेडकांची पिल्लं फस्त करतात, आणि डासांच्या अळ्या खाणारी चतुरांची पिल्लं निरोगी ओढ्यात आपोआप असतात.

पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, आणि ते तुम्ही सहज लिहून गेला आहात : "काठावरचं गवत-झुडूप कापून जागा मोकळी केली." काठ ढासळायला लागला तो इथून. मातीला धरून ठेवणारी बारीक मुळं याच गवताची आणि झुडपांची होती, आणि रोपांना कोवळ्या वयात सावली आणि ओल तीच देणार होती. स्वच्छ दिसणारा ओढा आणि निरोगी ओढा यांत फरक आहे. प्लास्टिक, काच, कापड, टायर काढायचे. पाला, पडलेल्या फांद्या, काठावर झुकलेली झाडं तिथेच राहू द्यायची. पाला हे पाण्यातल्या किड्यांचं अन्न आहे, आणि आडव्या पडलेल्या ओंडक्यामागे डोह तयार होतो. पुलाच्या मोरीत अडकलेला ओंडका तेवढा काढावा लागतो. बाकी हात आखडता घ्या.

आक्रमक वनस्पती काढायच्याच आहेत, पण क्रम उलटा करा. सिडनीतल्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी १९६० च्या दशकात एक पद्धत रुजवली, आणि कमी माणसं असलेल्या गटासाठी आजही तिच्याइतकी उपयोगाची दुसरी मला माहीत नाही. कामाची सुरुवात सगळ्यात खराब जागेपासून करायची नाही. सगळ्यात चांगल्या जागेपासून करायची आणि खराबीकडे सरकायचं. माती शक्य तितकी कमी उकरायची. आणि मूळची झाडं जितक्या वेगाने परत येतील तितक्याच वेगाने पुढे जायचं, त्याहून जास्त नाही. म्हणून तुमचे १०० मीटर शाबूत तुकड्याला लागून, त्याच्या लगेच खालच्या बाजूला निवडा. वरून पाण्याबरोबर बी आणि किडे आपोआप वाहून येतील.

घाणेरी जमिनीवरून कापली तर दुप्पट जोमाने फुटते. तिचं मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटीमीटरवर कुदळीने तोडायचं, झुडूप उचलायचं आणि मुळं वर करून उलटं ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. पक्ष्यांच्या विणीचा काळ टाळा आणि एका वेळी छोटा तुकडाच घ्या. पहिल्या पावसानंतर झाडांखाली, जिथे पक्षी बसतात तिथे, तिची पिल्लावळ उगवते. ती हाताने उपटायला सोपी असते. ही दुसरी फेरी चुकली तर पहिलीची मेहनत वाया जाते, म्हणून दिनदर्शिकेवर दोन्ही फेऱ्या एकाच वेळी लिहा.

जलपर्णी परत आली यात तुमची चूक नाही. ऊब आणि खत मिळालं की ती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते, बी तळाच्या गाळात १५-२० वर्षं जिवंत राहतं आणि तिला लागणारं नत्र-स्फुरद सांडपाण्यातून रोज येतं. ती पूर्ण संपवायचा हट्ट सोडा. वरच्या टोकापासून खाली या, फुलं यायच्या आत काढा, तुटलेली लहान रोपं वाहून जाऊ नयेत म्हणून खालच्या बाजूला दोरीला बांधलेलं जाळं तात्पुरतं धरा. काढलेला ढीग पूररेषेच्या बाहेर टाका. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, वाळला की खूप कमी होतो. तणनाशक फवारू नका. सगळी जलपर्णी एकदम कुजली की पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेते आणि मासे मरतात.

ढासळलेल्या काठाला दगडांआधी जिवंत खुंट लावून बघा. फांदीपासून सहज रुजणारी काठावरचीच झाडं घ्या, उदाहरणार्थ वाळुंज किंवा निर्गुडी. फांदी ६० ते ९० सेंटीमीटर लांब, २ ते ४ सेंटीमीटर जाड, नवी पालवी फुटण्याआधी तोडलेली. खालचं टोक तिरकं कापा, वरचं सपाट. म्हणजे उलटसुलट होत नाही, कारण उलटा लावलेला खुंट रुजत नाही. तोडल्यापासून बुंधा पाण्यात बुडवून ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी लावा. पहारेने आधी भोक पाडायचं, खुंटाचा तीन चतुर्थांश भाग जमिनीत जाईल इतका खोल बसवायचा, भोवतीची माती पायाने घट्ट दाबायची. दोन खुंटांत ६० ते ९० सेंटीमीटर अंतर. मरतात ते बहुतेक तीन कारणांनी : आधीच वाळलेले असतात, मातीत पोकळी राहते, किंवा जमिनीवर जास्त लांबी ठेवल्याने पाणी उडून जातं. काठाचा पाया, म्हणजे पाणी जिथे टेकतं तो भाग, आधी बांधा. तिथे काथ्याचे ओंडके, म्हणजे काथ्या ठासून भरलेले लांब लोड, खुंट्यांनी ठोकून त्यांच्यामागे लव्हाळा किंवा वाळा लावता येतो. ओंडक्याची दोन्ही टोकं काठात आत वळवून पुरा, नाहीतर पाणी मागून शिरतं आणि सगळं उपसून नेतं. काथ्या काही वर्षांत कुजतो. तोवर मुळांनी काठ धरलेला असतो.

रोपांचा आकडा ४०० वरून ६० वर आणा. पाण्याच्या कडेला गवत आणि लव्हाळा, मधल्या उतारावर झुडपं, वर काठाच्या माथ्यावर करंज-उंबरासारखी झाडं. झाडं अगदी पाण्याशी लावली तर पहिला पूर ती काठासकट नेतो. शाबूत तुकड्यात जे वाढतंय तेच तुमच्या यादीत हवं. खड्डा साधारण ३० सेंटीमीटर लांब-रुंद-खोल, प्लास्टिकची पिशवी पूर्ण काढलेली, गोल गुंडाळलेली मुळं मोकळी केलेली, खोड आणि मूळ जुळतं ती जागा जमिनीच्या पातळीला. भोवती ५ ते ८ सेंटीमीटर पाल्याचं आच्छादन घाला, पण ते खोडाला चिकटू देऊ नका, खोड कुजतं. पहिली दोन वर्षं पाणी कोण घालणार हे ठरल्याशिवाय रोप आणू नका. आणि वर्षानंतर लावलेली किती हे सांगू नका, जगलेली किती तेवढंच सांगा.

लहानपणीचा ओढा परत हवा, ही तुमची ओढ समजते. पण मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये मांडलं की मत्स्यशास्त्रज्ञांची प्रत्येक पिढी आपल्या कामाच्या सुरुवातीला पाहिलेल्या माशांच्या साठ्यालाच मूळ स्थिती मानते, जरी तो तेव्हाही खालावलेला असला तरी. लहानपणीच्या आठवणींचंही तसंच होतं. तुमचा मापदंड आठवणीत शोधू नका, त्या वरच्या शाबूत तुकड्यात शोधा. तिथल्या खळाळातला एखादा दगड उलटून खाली काय दिसतं ते वर्षातून दोनदा मोजा आणि दगड होता तसा परत ठेवा. किड्यांची दोन-तीन शेपट्यांची चपटी पिल्लं, वाळूच्या नळ्यांत राहणाऱ्या अळ्या दिसल्या तर पाणी चांगलं. नुसत्या लाल अळ्या असतील तर ऑक्सिजन कमी आहे. वरचे पाहुणे तुमच्या १०० मीटरमध्ये दिसायला लागले की काम लागू पडतंय.

सुरक्षेत ढिलाई नको. जागेचा मालक आणि पाण्यावर अधिकार असलेलं कार्यालय या दोघांची लेखी परवानगी घ्या. मोठ्या पावसानंतर निदान ४८ तास पाण्यात उतरू नका. गुडघ्यावर पाणी असेल तिथे कुणीही जाऊ नये. वेगाने वाहणारं १५ सेंटीमीटर पाणीही माणसाला पाडू शकतं. एक जण कायम काठावर, हातात दोर घेऊन, वरच्या अंगाकडे लक्ष ठेवून उभा. गमबूट, जाड हातमोजे, आणि कचऱ्याला हातांऐवजी चिमटा. सुया टणक भिंतीच्या डब्यात. पिंप, रसायनं, दवाखान्याचा कचरा यांना स्पर्शही नको, जागा नोंदवा आणि कळवा. जखम असेल तर ती झाकल्याशिवाय पाण्यात जायचं नाही आणि धनुर्वाताची लस वेळेवर हवी. उंदरांच्या मूत्रामुळे लेप्टोस्पायरोसिस होतो. लक्षणं २ ते ३० दिवसांत कधीही दिसू शकतात, म्हणून ताप आला तर डॉक्टरांना ओढ्यातल्या कामाचं आवर्जून सांगा. दुसऱ्या ओढ्यावर जाण्याआधी बूट घासून, धुऊन, पूर्ण वाळवा. तणाचं बी आणि बेडकांना मारणारी बुरशी बुटांबरोबर प्रवास करतात.

माणसांची कामं वेगळी करा. सगळ्यांनाच चिखलात उतरायला आवडत नाही किंवा जमत नाही. फोटो आणि नोंदी, रोपवाटिका, पाणी घालण्याची पाळी, परवानग्यांचा पाठपुरावा ही खरी कामं आहेत, उरलीसुरली नाहीत. दर रविवारऐवजी महिन्याचे दोन ठरलेले रविवार, अडीच-तीन तास, आणि आठ-दहा जणांमागे एक जाणता माणूस. गळून गेलेल्या तेरा-चौदा जणांना "परत या" म्हणू नका. एकेक नेमकं काम घेऊन त्यांच्याकडे जा.

आणि त्या कंत्राटदारांना तोडू नका, मदत बदलून मागा. ओढ्यात रुतलेले टायर, सिमेंटचे तुकडे, जुनं फर्निचर तुम्हाला हलत नाही. ते त्यांचं यंत्र हलवेल. पाऊस सुरू होण्याआधीचा एक दिवस ठरवा, यंत्र काठाच्या माथ्यावरच उभं राहील, चाकं पात्रात उतरणार नाहीत आणि हात पुढे करून फक्त तुम्ही खुणा केलेल्या वस्तू उचलेल, हे लिहून घ्या. कुठून आत यायचं ती एकच वाट आखून द्या, म्हणजे बाकीचा काठ चेपला जाणार नाही. चालकाशेजारी दिवसभर तुमच्यातला एक जण उभा हवा, कुठली फांदी आणि कुठला दगड सोडायचा हे दाखवायला.